गाढव बोललं तर बोलू द्या

गुढीपाडव्याच्या सुमाराला पुणे-नाशिक रस्त्यावरच्या नारायणगावात राहुट्या लागतात. बाहेर तमाशाच्या फडाच्या नावाचा फलक, आत मॅनेजर आणि त्याच्यापुढे तारखांची वही. जुन्नर-आंबेगावातल्या आणि आसपासच्या तालुक्यांतल्या गावांचे पंच एका राहुटीतून दुसरीत फिरतात, घासाघीस करतात, इसार देतात आणि आपल्या यात्रेची रात्र पक्की करतात. याला सुपारी देणं म्हणतात. नारायणगावाला तमाशाची पंढरी हे नाव या बाजारामुळे पडलं. व्यवहार पैशाचा असला तरी त्यात चालते ती समीक्षाच असते. गेल्या साली कुणाचा वग पडला, कुणाच्या सोंगाड्यानं शेवटपर्यंत लोक बसवून ठेवले, कुणाच्या राजाचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही, हे सगळं तिथं निघतं. गावानं वर्गणी काढून तमाशा आणलेला असतो, त्यामुळे प्रेक्षकाचं मत इथं फुकटचं नसतं.

ज्या कथांचं असं माप काढलं जातं, त्या मात्र पुष्कळदा अशक्य कोटीतल्या. गण, गौळण, बतावणी आटोपली की वग उभा राहतो, आणि जुन्या वगांत राजे, कपटी प्रधान, परागंदा राजपुत्र, वेशांतर केलेल्या राण्या, शाप आणि उःशाप यांची रेलचेल असते. उमाजी सावळजकरांचा १८६५ सालचा ‘मोहना बटाव’ हा पहिला वग मानतात. पुढं पठ्ठे बापूरावांचा ‘मिठाराणी’ गाजला. हरिभाऊ वडगावकरांच्या ‘गाढवाचं लग्न’मध्ये तर शापानं गाढव झालेला गंधर्व राजकन्येला मागणी घालतो. दादू इंदुरीकरांनी त्यातला सावळ्या कुंभार असा काही रंगवला की आजही त्या वगाचं नाव निघालं की लोकांना आधी सावळ्या आणि त्याची गंगी आठवतात, गंधर्व नंतर.

अद्भुत कथेच्या प्रेक्षकाचा स्वभाव इथंच कळतो. गाढव माणसासारखं बोललं, याला कुणी कधी हरकत घेतली नाही. कुंभार शास्त्र्यासारखा बोलला असता तर मात्र पब्लिकनं त्याला बोर्डावर उभं राहू दिलं नसतं. वगात ना महाल असतो ना अरण्य. नटानं एक गिरकी घेतली की दरबार मागं पडतो आणि जंगल लागतं. प्रेक्षक हे सारं पहिल्याच घटकेला मान्य करून बसलेला असतो. त्याची तक्रार सुरू होते ती पुढं. राजानं दिलेला शब्द राजालाच आठवेनासा झाला, उःशापाची अट पुरी न होताच शाप सुटला, संकटातल्या राणीपेक्षा सोंगाड्याचे शिळे विनोदच लांबले, की चुळबुळ होते आणि माणसं चहाच्या टपरीकडे वळतात. अशक्य ते चालतं, कबूल केलेलं मोडलेलं चालत नाही. ही पारख कुठल्या नाट्यशाळेत शिकवली जात नाही. यात्रेतल्या तमाशापुढं लहानपणापासून बसून ती अंगी मुरते.

या मुलखाला अद्भुत कथेचं अगत्य जुनं आहे. जुन्नरच्या पश्चिमेला नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे, आणि सातवाहन राजाच्या दरबारातल्या गुणाढ्याची दंतकथा सोमदेवानं अकराव्या शतकात ‘कथासरित्सागरा’त सांगून ठेवली आहे. गुणाढ्यानं सात लाख श्लोकांची बृहत्कथा पैशाची भाषेत रचली आणि शाई नव्हती म्हणून रक्तानं लिहिली. शिष्य ती घेऊन राजाकडे गेले. राजानं भाषा पाहिली, रक्ताची अक्षरं पाहिली आणि ग्रंथ झिडकारला. गुणाढ्यानं डोंगरावर अग्निकुंड पेटवलं. एकेक पान तो मोठ्यानं वाचायचा आणि आगीत टाकायचा. हरणं, रानडुकरं, रेडे चरणं सोडून ऐकत उभे राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. शिकारीचं मांस सुकं येऊ लागलं, ते खाऊन राजा आजारी पडला, आणि चौकशी करत शेवटी डोंगरावर आला. तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते. उरल्या एका लाखात होती नरवाहनदत्ताची कथा, म्हणजे आकाशातून फिरणाऱ्या विद्याधरांचा सम्राट होणाऱ्या राजपुत्राची एकामागून एक साहसं.

राजाचं मत कथा न ऐकताच झालेलं होतं. जनावरांनी ती ऐकली होती. सोमदेवानं कौल कुणाच्या पारड्यात टाकला हे सांगायला नकोच.

सुपारीची भावंडं जगात इतरत्रही आहेत. १९६८ साली सुरू झालेल्या ‘शोनेन जंप’ या जपानी चित्रकथांच्या नियतकालिकानं वाचकांच्या पोस्टकार्डांवर आपला सारा डोलारा उभा केला. आवडत्या कथा कोणत्या, हे वाचक कळवतात, आणि ज्या मालिका सतत तळाला राहतात त्या गुंडाळल्या जातात. तिथंच १९९७ साली एइचिरो ओदा यांची ‘वन पीस’ सुरू झाली. रबरासारखं ताणणारं शरीर लाभलेला एक पोरगा समुद्री चाच्यांचा राजा व्हायला निघतो, ही ती कथा. १९९९पासून ती पडद्यावरही आली आणि २०२१मध्ये तिचे हजार भाग पुरे झाले. माणूस रबराचा कसा, याबद्दल तिच्या चाहत्यांची कुरकुर नाही. त्यांची कुरकुर आहे ती पडद्यावरची मालिका संथ चालवली जाते, एकेक प्रसंग लांबवला जातो, याबद्दल. वग लांबला म्हणून चुळबुळणाऱ्या यात्रेतल्या पब्लिकला ही तक्रार चटकन समजेल. त्याच पब्लिकची नातवंडं आज मोबाइलवर जपानी मालिका बघतात, आणि आजोबांच्याच तराजूत त्या तोलतात.

पण प्रेक्षकाच्या मताला वजन आलं की त्याबरोबर जबाबदारीही येते, आणि नारायणगावात ती टळलेली दिसते. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या फडातून कलावंत विठाबाई पुढं आल्या. १९५७ आणि १९९० असा दोनदा राष्ट्रपती पुरस्कार त्यांना मिळाला. भरल्या दिवसांत बोर्डावर उभ्या असताना त्यांनी आत जाऊन बाळाला जन्म दिला आणि त्या पुन्हा नाचायला बाहेर आल्या, मग खरी गोष्ट कळताच लोकांनीच हात जोडून खेळ थांबवला, असा प्रसंग सांगतात. तेच लोक त्यांच्या उतारवयातल्या हलाखीत मात्र त्यांच्या आसपास नव्हते. २००२ साली त्या गेल्या. त्यांच्या नावाचा राज्य शासनाचा जीवनगौरव पुरस्कार त्यानंतर सुरू झाला.

वगाचंही तसंच झालं. पब्लिकनं चित्रपटातल्या गाण्यांची फर्माईश केली, फडमालकांनी ती पुरवली. रोषणाई वाढली, ध्वनिक्षेपक वाढले, नाचणाऱ्या मुलींची संख्या वाढली, आणि सगळा खर्च लाखांच्या सुपारीत धरला जाऊ लागला. वग रात्रीच्या शेवटाला असतो, त्यामुळे कात्री लागते ती त्यालाच. त्यात २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी घातली. पूर्वी पहाटेपर्यंत रंगणारा राजदरबार आता घाईघाईनं उरकतो, कुठं कुठं भरतच नाही. सकाळच्या हजेऱ्यांत पुन्हा गाणी होतात, बक्षिसं पुकारली जातात आणि दुपारी गाव बैलगाडा शर्यतीच्या घाटाकडे निघतं. शापित गंधर्वाची गोष्ट या कार्यक्रमपत्रिकेत बसत नाही.

२५ मार्च २०२०ला पाडवा होता, आणि देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवसही तोच. यात्रा रद्द झाल्या, पुढच्या वर्षीही भरल्या नाहीत. ढोलकीवाले, सुरत्ये, सोंगाडे मिळेल त्या मजुरीला लागले. फड पुन्हा उभे राहिले, राहुट्याही परत लागल्या, पण कर्ज काढून बाहेर पडलेला फडमालक नवा वग बसवायला कचरतो. लेखक आणायचा, महिनाभर तालमी घ्यायच्या, कपडेपट शिवायचा, आणि वेळ मिळणार अर्धा तास. जे खपतं तेच तो पुढं करतो, आणि यात त्याला दोष देता येत नाही.

त्यामुळे चेंडू पंचांच्या अंगणात आहे. सुपारी देताना नाचणाऱ्या मुली किती, रोषणाई कशी, हे विचारलं जातंच. त्याच बैठकीत या साली तुमचा वग कोणता, राजा कोण करणार, सोंगाड्या कोण, आणि वगाला किती वेळ देणार, हे चार प्रश्नही विचारावेत आणि उत्तरं ठरावाच्या कागदावर लिहून घ्यावीत. खेळ संध्याकाळी लवकर लावला तर दहाच्या आत गण-गौळणीसह अख्खा वग बसतो. नारायणगावात येणाऱ्या दहा-वीस गावांनी एका पाडव्याला एवढी अट घातली, तरी पुढच्या पाडव्याला राहुट्यांच्या फलकांवर वगांची नावं दिसू लागतील.