अपडेट होऊ दे की!

आमच्या ऑफिसात या बाबतीत सरळ दोन पंथ आहेत. पहिला, फोन चार्जिंगला लावून झोपणाऱ्यांचा. रात्रीत ॲप्स आपापली अपडेट झाली काय, न झाली काय, यांना पत्ता नसतो. दुसरा, ऑटो-अपडेट बंद ठेवून दर रविवारी भाजी निवडल्यासारखं एकेक ॲप निवडून अपडेट करणाऱ्यांचा. गंमत म्हणजे दुसऱ्या पंथात मुरलेले डेव्हलपरच जास्त. साहजिक आहे. 'किरकोळ दुरुस्त्या आणि सुधारणा' असं लिहिणारे आपणच, त्याखाली काय काय दडपलेलं असतं ते आपल्यालाच ठाऊक :)

त्यांची भीती खोटी नाही. कॅमस्कॅनर आठवतंय? दहा कोटींहून जास्त डाउनलोड्स, अर्ध्या पब्लिकची मार्कशीटं नि भाडेकरार त्यातूनच स्कॅन झालेले. ऑगस्ट २०१९ मध्ये कॅस्परस्कीला त्याच्या काही आवृत्त्यांत जाहिरातींच्या लायब्ररीतून घुसलेला घातक कोड सापडला. त्याहून भारी किस्सा 'बारकोड स्कॅनर'चा. वर्षानुवर्षं निमूट चालणारं, कोटभर फोनांवर बसलेलं ॲप. डिसेंबर २०२० च्या एका अपडेटनंतर ते आपलं आपणच ब्राउझर उघडून जाहिराती दाखवायला लागलं. म्हणजे सुरुवातीला कितीही चौकशी करून घ्या, प्रत्येक अपडेट हे नव्याने केलेलं इन्स्टॉलच असतं.

पण मला सांगा, रविवारी हाताने बटण दाबून यातलं काय टळलं असतं? दाबणारा कोड थोडाच वाचून दाबतो!

उलट बाजूला मे २०१९ चं व्हॉट्सॲप बघा. कॉलिंगच्या कोडमध्ये फट होती. नुसता कॉल आला, उचलला नाही, तरी पेगॅसस फोनमध्ये शिरू शकत होतं. भारतातले पत्रकार आणि कार्यकर्तेही त्यात लक्ष्य झाले होते, हे त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर बाहेर आलं. कंपनीने दुरुस्ती दिली, अपडेट करा म्हणून सगळ्यांना सांगितलं. आता यातली खोच अशी, की दुरुस्ती बाहेर पडली की जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून फट नेमकी कुठे होती हे शोधता येतं. चोरांना आयती टीप. रविवारची वाट बघणारा तेवढे दिवस दार उघडं टाकून झोपतो.

'आधी बाकीच्यांवर प्रयोग होऊ दे' हाही एक लाडका मुद्दा. मार्च २०२१ मध्ये अँड्रॉइडच्या वेबव्ह्यूच्या अपडेटमुळे जीमेलसकट कितीतरी ॲप्स धडाधड बंद पडत होती, तेव्हा तो खराही ठरला. पण आयफोनवर डेव्हलपरने टप्प्याटप्प्याचं रिलीज निवडलं, तर ऑटो-अपडेटवाल्यांना नवी आवृत्ती सात दिवसांत हळूहळू मिळते, पहिल्या दिवशी फक्त १ टक्का लोकांना. ॲप स्टोअरमध्ये जाऊन स्वतः बटण दाबणाऱ्याला मात्र लगेच. म्हणजे सावध माणूसच पहिला बकरा.

असो. माझ्यापुढचा खरा प्रश्न माझ्या फोनचा नाहीच, बाबांच्या फोनचा आहे. ते सांगलीला, मी पुण्यात. पेन्शन, वीजबिल, गॅस, सगळं फोनवर. रात्रीत एखादं बटण डावीकडचं उजवीकडे गेलं की सकाळी फोन येतो, "अरे, तू काही केलंस का रे?" तक्रार रास्त आहे. पाठ केलेली वाट कोणीतरी न विचारता खणून ठेवली, तर चिडणारच. यावर माझ्याकडे उपाय नाही. व्हिडिओ कॉल लावून पाच-दहा मिनिटं घालवावी लागतात, घालवतो.

तरीही त्यांच्या फोनवर ऑटो-अपडेट चालूच. कारण हल्ली व्हॉट्सॲपवर ज्या एपीके फायली येतात, 'बँकेचं केवायसी अपडेट करा', 'आरटीओ चलान भरा' वगैरे, त्यांचा सगळा धंदा एका सवयीवर चालतो: समोर 'करा' असं आलं की आपण करायचं. ऑटो-अपडेट चालू असलं की मला बाबांना एकच वाक्य सांगता येतं. "तुम्ही कधीच काही अपडेट करायचं नाही, करा म्हणून जो सांगेल तो चोर." बँकेचं ॲप क्वचित अडून बसतं, अपडेटशिवाय उघडतच नाही. तेव्हा मला फोन लावायचा, मीटिंगमध्ये असलो तरी.

बाकी उरतात ती बारकोड स्कॅनरची भावंडं. मागच्या गणपतीत घरी गेलो तेव्हा बसून साफसफाई केली. तीन टॉर्च, दोन क्यूआर स्कॅनर, एक कसलंसं 'रॅम क्लीनर'. ज्याचा मालक कोण हेच कळत नाही, त्याला रात्री घरात घेण्याचं कारण नाही. बाबांनी हूं की चूं केलं नाही. वाद झाला तो राशिभविष्यावरून, कारण ते आईचं निघालं. ते राहिलंय. फक्त प्ले स्टोअरमध्ये त्याच्या पानावर तीन टिंबांखालची ऑटो-अपडेटची खूण काढून टाकली आहे.