ताप गेला, हिवताप गेला नव्हता

मागच्या ऑगस्टमध्ये मला मलेरिया झाला. मुंबईत राहणाऱ्याला याचं काही अप्रूप नाही. संध्याकाळी हुडहुडी भरली, दोन ब्लँकेटं घेऊनही दात वाजत होते, मग सणकून ताप, मग घाम. दुसऱ्या दिवशी ठणठणीत. तिसऱ्या दिवशी त्याच सुमाराला परत. आजी याला पाळीचा ताप म्हणायची. रिपोर्टवर आलं, 'पी. व्हायव्हॅक्स'.

डॉक्टरांनी ३ दिवसांच्या क्लोरोक्विनच्या गोळ्या दिल्या आणि १४ दिवसांच्या प्रायमाक्विनच्या. पहिल्या गोळ्यांनी ताप उतरला. दुसऱ्यांनी मळमळायला लागलं. पाचव्या दिवशी मी पाकीट फ्रीजवरच्या टोपलीत टाकून दिलं. तापच नाही तर गोळी कशाला?

दिवाळीचा फराळ संपत आला होता, तेव्हा पुन्हा तीच हुडहुडी.

मी काय केलं असेल? सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार टाकली. शेजारच्या प्लॉटवर टॉवरचं काम चालू आहे, तिथे पाणी साचतं, मला दुसऱ्यांदा मलेरिया झालाय, कमिटीने बघावं. मग काय, सगळे तुटून पडले. 'ही बाहेरची माणसंच आजार घेऊन येतात' इथपर्यंत गाडी गेली. मी त्याला अंगठा दाखवला. हो, मीच.

डॉक्टरांनी मात्र पहिलाच प्रश्न विचारला, "ऑगस्टच्या गोळ्या संपवल्या होत्या?" खोटं बोलणार होतो, पण नाही बोललो. "मग डासाला कशाला नावं ठेवता? हा बहुतेक तुमच्याच यकृतातून निघालाय."

बहुतेक म्हणाले, कारण नवा डास चावला की जुनंच उपटलं, हे साध्या रक्ततपासणीत कळत नाही. पण भानगड अशी आहे: डास चावला की जंतू आधी यकृतात जातात, तिथे वाढतात आणि मग रक्तात उतरतात. व्हायव्हॅक्सचे काही जंतू मात्र यकृतातच झोपून राहतात. काही आठवडे, काही महिने, कधी वर्षभराहूनही जास्त. ते रक्तात नसतात, त्यामुळे रक्त तपासून सापडत नाहीत, आणि क्लोरोक्विन त्यांना मारत नाही. त्यांच्यापर्यंत पोहोचते ती प्रायमाक्विन, जी माझ्या फ्रीजवर पडली होती.

आणि ती गोळी सरसकट सगळ्यांना देताही येत नाही. जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम ज्यांच्यात कमी असतं, त्यांच्या लाल पेशी या गोळीने फुटू शकतात. हा दोष जन्मजात असतो, आणि आपल्याकडे काही आदिवासी समाजांत तो जास्त आढळतो. गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळालाही ही गोळी देत नाहीत. माझी तपासणी करून मगच दुसऱ्यांदा कोर्स सुरू झाला.

अपराधी वाटलं म्हणा, पण एका रविवारी मी त्या साइटवर गेलो. झारखंडचा एक गवंडी भेटला. "बुखार? हर साल आता है साहब." मेडिकलमधून दोन-तीन गोळ्या आणायच्या, ताप उतरला की कामावर. खाडा झाला की त्या दिवसाची मजुरी गेली. १४ दिवसांच्या गोळ्यांबद्दल त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मला सांगितलं होतं, लिहून दिलं होतं, पैसेही होते. त्याची बायको सातव्या महिन्यात होती. तिलाही ताप येऊन गेला होता. तिला तर बाळंत होईपर्यंत ती गोळी घेताच येणार नव्हती.

त्याच आठवड्यात पालिकेचा माणूस आला. साइट तपासली, मग आमची गच्ची. डासाच्या अळ्या सापडल्या आमच्याच टाकीत. झाकण फुटलेलं होतं. शहरात मलेरिया पसरवणारा ॲनाफिलिस स्टीफेन्साय नाल्यातल्या घाणीत नाही, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. आणि व्हायव्हॅक्समध्ये डासाला लागण करणारे जंतू रक्तात फार लवकर दिसू लागतात, ताप ओळखून औषध सुरू होण्याच्या आधीच. म्हणजे दिवाळीनंतरच्या त्या तीन-चार रात्री बाहेरचा आजार आणणारा माणूस कोण होता, हिशोब करा.

गडचिरोलीकडची गोष्ट जरा वेगळी आहे. तिथे फाल्सिपेरम जास्त. तो यकृतात झोपत नाही, पण रक्तात लपतो. वर्षानुवर्षं लागण होत राहिलेल्या माणसाला अर्धवट प्रतिकारशक्ती येते. ताप नाही, माणूस शेतावर, जंगलात जातोय, आणि रक्तात इतके थोडे जंतू की सूक्ष्मदर्शकातून सुटतात. डासाला मात्र तेवढे पुरतात. तापाचा रुग्ण येईल मग तपासू, असं म्हणत बसलं तर हा माणूस कधीच सापडणार नाही. ओडिशाने २०१७ पासून 'दमन' मोहिमेत दुर्गम गावांत ताप असो-नसो, सगळ्यांचं रक्त तपासायला सुरुवात केली ती यासाठीच. तिथले आकडे त्यानंतर बरेच खाली आले.

देशाचा इतिहास वाचताना मला फ्रीजवरची टोपलीच आठवते. १९५३ मध्ये वर्षाला अंदाजे साडेसात कोटी रुग्ण. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत लाखभर. मग लक्ष उडालं, डास डीडीटीला दाद देईनासे झाले, आणि १९७६ मध्ये परत ६४ लाख. आता २०३० पर्यंत निर्मूलनाचं लक्ष्य आहे. आकडे खाली आलेत, आणि मला भीती त्याचीच वाटते.

असो. ग्रुपवर मी दुरुस्तीची पोस्ट टाकली. तीन अंगठे आले. टाकीचं झाकण डिसेंबरात बसलं. माझ्या १४ गोळ्या पूर्ण झाल्या, मळमळीसकट. गवंडी मात्र आता तिथे नाही. स्लॅबचं काम संपलं, टोळी पनवेलकडे गेली म्हणतात. बायको एव्हाना बाळंत झाली असेल. तिला आता ती गोळी द्यायची की नाही हे बघायला तिच्या ऑगस्टचा कागद कुणाकडे असेल, हे मुकादमालाही सांगता आलं नाही.