चौथी गोष्ट

दिव्यांच्या अवसेला भुताचा चित्रपट पाहावयाचा, ही कल्पना आमच्या पुतण्याची. सकाळी जावेने व मी समया, निरांजने, लामणदिवा घासूनपुसून पाटावर मांडले होते, कणकेच्या दिव्यांचा नैवेद्य झाला होता आणि बाहेर आषाढाची झड लागली होती. अशा रात्री अंगावर काटा आला नाही तर अवस फुकट गेली, असे चिरंजिवांचे म्हणणे पडले. मागची आवराआवर झाल्यावर आम्ही आठहीजण दिवाणखान्यात दूरचित्रवाणीसमोर बसलो. मामंजीसुद्धा आले. एरवी नऊचे ठोके पडले की ते आपल्या खोलीत जातात. त्या दिवशी का थांबले, हे मी विचारले नाही.

चित्रपटाचे नाव 'घोस्ट स्टोरीज'. १ जानेवारी २०२० रोजी तो नेटफ्लिक्सवर आला. चार छोट्या स्वतंत्र गोष्टी एकापुढे एक ओवलेल्या. झोया अख्तर, अनुराग कश्यप, दिबाकर बॅनर्जी व करण जोहर ह्या चौघांनी एकेक सांगितलेली. ह्याच चौघांनी २०१३ साली 'बॉम्बे टॉकीज' काढला होता आणि २०१८ साली आणखी एक, ज्याचे नाव मामंजींसमोर उच्चारण्याचे धैर्य आमच्या घरात कोणालाही नाही.

पहिल्या तीन गोष्टींविषयी फार लिहीत नाही. पहिलीत अंथरुणाला खिळलेली एक म्हातारी आहे व तिची शुश्रूषा करावयास आलेली एक तरुण परिचारिका. ती म्हातारी सुरेखा सिक्रींनी वठवली आहे. २०२१ साली त्या गेल्या. परंतु त्या अंथरुणातील त्यांची नजर माझ्या मनातून अजून गेलेली नाही. दुसऱ्या गोष्टीचा अर्थ लावता लावता आमची स्वारी लोडाला टेकून झोपी गेली. तिसरी, माणसे खाणाऱ्या माणसांची, सर्वांना त्यातल्या त्यात बरी वाटली. जाऊबाईंनी मात्र धाकटीच्या डोळ्यांवर अखेरपर्यंत हात ठेवला होता आणि धाकटी बोटांच्या फटींतून सारे पाहत होती.

घोटाळा झाला तो चौथीपाशी. इरा नावाची मुलगी एका श्रीमंत घरात सून म्हणून येते. मृणाल ठाकूर ह्या आपल्या मराठी मुलीने ती भूमिका केली आहे. नवरा देखणा, घर राजवाड्यासारखे, सासूसासरे गोड बोलणारे. पण हा नवरा रोज रात्री आपल्या आजीला शुभरात्री म्हटल्यावाचून निजत नाही; आणि आजी तर मरून कित्येक वर्षे झालेली! साऱ्या घरावर अजून तिचीच सत्ता चालते आणि नव्या सुनेने ती मान्य करावी, अशी सर्वांची अपेक्षा.

"ही भुताची गोष्ट आहे की पडद्यांची जाहिरात?" पुतण्याने पहिला षटकार मारला. मग काय, सर्वांनाच कंठ फुटला. एवढे पडदे धुतो कोण, ही जाऊबाईंची शंका. माझी कन्या म्हणाली, "त्या घरात एक तरी माणूस सरळ बोलते का? मी असते तर पहिल्याच रात्री माहेरी निघून आले असते." स्वारीने डोळे न उघडताच "छान होते" असा अभिप्राय दिला, तेव्हा तर हास्याचा कल्लोळ उडाला. बाहेरच्या प्रेक्षकांनीही ह्याहून निराळे काही म्हटले नव्हते, असे पुतण्याने आम्हांस सांगितले. बहुतेकांना दिबाकर बॅनर्जींची गोष्ट आवडली होती आणि ही शेवटची सर्वांत फिकी वाटली होती.

भावोजी महाविद्यालयात इंग्रजी शिकवतात. त्यांना विषय सापडला की तो तास संपेपर्यंत सुटत नाही. १८९६ साली जॉर्ज मेलिएस ह्या फ्रेंच गृहस्थाने अवघ्या तीनेक मिनिटांचे सैतानाच्या वाड्याचे चित्र काढले. वटवाघळे, सांगाडे, धूर, सारे त्यात होते. पण पाहणाऱ्यांची करमणूक व्हावी एवढाच त्याचा हेतू, असे त्यांनी सांगितले. भीतीची कला पुढे आली. १९४२ सालच्या 'कॅट पीपल' मध्ये एक बाई रात्री एकटीच चालली आहे, मागून पावले वाजत आहेत, आपण आता श्वापद झडप घालणार म्हणून श्वास रोखून बसतो. आणि फिस्सकन आवाज करीत जी येऊन थांबते ती निघते साधी बसगाडी! डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्जच्या १९०२ सालच्या 'द मंकीज पॉ' ह्या कथेत तर मेलेला मुलगा दाराशी आल्यासारखा वाटतो, दार ठोठावले जाते, आई कडी काढावयास धावते, आणि बाप शेवटचा वर मागून घेतो. दार उघडते तेव्हा रस्ता मोकळा असतो. "मुलगा दाखवला नाही, म्हणूनच ती कथा शंभर वर्षे टिकली," भावोजी म्हणाले.

हे सर्व मी ऐकत होते, पण माझे लक्ष त्यात नव्हते. त्या नवऱ्याने मेलेल्या आजीला पहिल्यांदा शुभरात्री म्हटले आणि सर्वजण हसले, तेव्हापासून मी मामंजींच्या तोंडाकडे पाहण्याचे टाळीत होते.

सासूबाईंना जाऊन तेव्हा दीड वर्ष होत आले होते. शेवटच्या आजारात त्यांना रात्री घशाला कोरड पडत असे. मामंजी स्वतः तांब्यातले पाणी फुलपात्रात ओतून, वर वाटी झाकून, त्यांच्या उशाशी ठेवीत. त्या गेल्या, फुलपात्र मात्र बंद झाले नाही. रोज रात्री निजण्यापूर्वी मामंजी स्वयंपाकघरात येतात, फुलपात्र भरतात व खोलीत घेऊन जातात. सकाळी ते पाणी तुळशीला घातले जाते. घरातील प्रत्येकास हे ठाऊक आहे. त्याविषयी कोणी बोलत नाही. बोलू नये असे ठरलेले आहे असेही नाही. त्या हसण्याच्या भरात ते कोणाच्या ध्यानातच आले नसावे. किंवा आले असेल, आणि म्हणूनच हसणे इतके मोठ्याने झाले असेल. माणसाच्या मनाचा काय भरवसा?

"आजोबा, तुमचे मत राहिले," धाकटी म्हणाली.

मामंजींनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. "आमच्या वेळचा 'महल' ह्याहून चांगला होता," ते म्हणाले. "१९४९ चा. मी पाहिला तो पुष्कळ वर्षांनी, मॅटिनीला. त्यात भूत असे नाहीच. शेवटी माळ्याची मुलगी निघते. पण ते लताबाईंचे गाणे दुरून जवळ येते ना, तसे काही ऐकले की भुताची गरज उरत नाही. भर उन्हात घरी येताना मी दोनदा मागे वळून पाहिले होते." थोडे थांबून ते पुढे म्हणाले, "ह्या गोष्टीतल्या म्हातारीचा धाक सर्वांना आहे. पण ती कशी होती? तिला काय आवडे, ती कशावरून रुसे, भाजीत मीठ जास्त घालीत असे का, हे मला तरी कुठे कळले नाही. ओळखच नाही, तर तिला भ्यायचे कशाला?"

एवढे बोलून ते उठले आणि थेट आपल्या खोलीत गेले. स्वयंपाकघराकडे वळले नाहीत.

मला वाटते, चित्रपटाची इतकी नेमकी परीक्षा त्या रात्री दुसऱ्या कोणी केली नाही. चांगल्या भूतकथेत आधी घर दिसते, मग घरात काय उणे आहे ते दिसते. आमच्या नारायण धारपांना हे पक्के ठाऊक होते. नेहमीचा वाडा, नेहमीचे शेजारी, आणि मग एखादी खोली. ह्या गोष्टीत वाडा होता, खोलीही होती. घर तेवढे नव्हते.

सर्वजण निजले. मला झोप येईना. दीडच्या सुमारास पाणी पिण्यासाठी उठले, तो ओट्यावर फुलपात्र पालथेच होते. मला कसेसेच झाले. मी ते भरले, वाटी झाकली आणि मामंजींच्या खोलीकडे निघाले. दार लोटलेले होते. वाऱ्याने विजेचे दिवे गेले होते. पाटावरच्या एका समईची वात तेवढी अजून मिणमिणत होती. दार ढकलण्यासाठी हात उचलला, तशा हातातल्या पाटल्या एकमेकींवर वाजल्या. त्या सासूबाईंच्या पाटल्या. मामंजींनीच बाराव्यानंतर त्या सर्वांसमक्ष माझ्या हातात घातल्या होत्या.

आतून, अंधारातून, मामंजींचा आवाज आला. इतक्या मऊ आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकले नव्हते.

"आलीस?"

माझ्या पाठीच्या कण्यातून थंडगार काहीतरी खाली उतरले. "मी आहे, मामंजी," एवढे म्हणणे किती सोपे होते! पण ते म्हटले असते तर त्या एका शब्दाचे मी काय केले असते? आणि न म्हणावे, तर मी कोण म्हणून उभी होते? माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. पाटल्या दुसऱ्या हाताने घट्ट दाबून धरल्या, फुलपात्र उंबऱ्याच्या आत फरशीवर ठेवले आणि पावलांचा आवाज न करता परत फिरले. आतून पुन्हा काही आले नाही. फक्त पाऊस वाजत होता.

सकाळी उठून पाहते तो फुलपात्र धुऊन ओट्यावर पालथे घातलेले. तुळशीची माती पावसाने आधीच भिजलेली होती, त्यामुळे पाणी तिला घातले की कसे, हे कळावयास मार्ग नव्हता. मामंजी झोपाळ्यावर वर्तमानपत्र वाचीत बसले होते. मी चहा नेऊन दिला. त्यांनी एक घोट घेतला, माझ्या हाताकडे क्षणभर पाहिले आणि साखर कमी पडली असल्याचे सांगितले.