एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या अभ्यासक्रमास

प्रिय अभ्यासक्रमा,

तुझी पुनर्रचना होणार असं अधूनमधून कानावर येतं. पेपरांचे कोड बदलतात, क्रेडिट इकडचे तिकडे होतात. आत मात्र तेच गोल्डस्टीन, जॅक्सन, पथारिया. त्यांच्याशी माझं भांडण नाही. गोल्डस्टीन 1950 चा असला म्हणून हॅमिल्टनची समीकरणं शिळी होत नाहीत. भांडण आहे ते क्रमाशी, त्यातही क्वांटम मेकॅनिक्सच्या.

तिथे बहुतेक ठिकाणी पोरं अजूनही खोक्यातल्या कणापासून निघतात. मग ऑसिलेटरसाठी हर्माइट, हायड्रोजनसाठी लॅगेर, आणि वहीभर डेरिव्हेशन. यातलं बरंचसं बी.एस्सी.ला एकदा झालेलं असतं! हायड्रोजन संपेपर्यंत सेमिस्टरही संपत आलेलं असतं.

सुरुवात दुसरीकडूनही करता येते. 1922 मध्ये स्टर्न आणि गेरलाख यांनी चांदीच्या अणूंचा झोत असमान चुंबकीय क्षेत्रातून सोडला. त्याचे दोन भाग झाले. दोनच. साकुराईंचं 1985 चं पुस्तक इथूनच सुरू होतं. लागतात त्या दोन बाय दोनच्या मॅट्रिक्स, ज्या बारावीतही गुणता येतात. एवढ्या भांडवलावर अध्यारोपण येतं, मापन येतं, मापनांचा क्रम बदलला की निकाल का बदलतो तेही कळतं. असे दोन कण जोडले की एन्टँगलमेंट, आणि तिथून थोड्याच तासिकांत बेलची 1964 ची असमानता फळ्यावर. तिच्या प्रयोगांना 2022 चं नोबेल मिळालं. 2023 मध्ये केंद्राने सहा हजार कोटींचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं. त्याचं एक केंद्र पवईच्या आयआयटीत आहे. तिकडे निघालेल्या मुलीला लॅगेर बहुपदी पाठ असावी आणि डेन्सिटी मॅट्रिक्स ठाऊक नसावी, हे मला तरी विचित्र वाटतं.

हायड्रोजन काढून टाक, असं म्हणत नाही. तो नंतर येऊ दे. मालिकेची आकडेमोड संगणकावर होऊ दे. 'नेट'ची भीती घालू नकोस. तिथे पर्याय निवडायचे असतात, पाच पानी डेरिव्हेशन कोणी मागत नाही.

खरी अडचण शिकवणाऱ्यांची आहे. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या प्राध्यापकाने नवा पेपर बसवायचा कधी, आणि कोणत्या मोबदल्यात? अभ्यास मंडळाने तुझ्या नव्या पीडीएफबरोबर सोडवलेल्या उदाहरणांचा संच द्यावा आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मानधन देऊन शिक्षकांची कार्यशाळा घ्यावी. नाहीतर जूनमध्ये तुझं नवं रूप जुन्याच नोट्समधून शिकवलं जाईल.

तुझा,
एक माजी विद्यार्थी