बारीक धार

देऊळगाव मही, पहाटे. खडकपूर्णा धरणाच्या जलाशयावर, संत चोखामेळा सागरावर, वारा नाही.

बोटीची मोटर सुरू केली की मी आधी मागे बघतो. थंड करणाऱ्या पाण्याची बारीक धार बाहेर पडतेय का? खडकपूर्णेचा गाळ उन्हाळ्यात फार त्रास देतो. आज ती धार लंगडली, तसं लगेच इंजिन बंद केलं आणि वल्हं मारत काठ गाठला. मोटरीचा खालचा भाग उघडला. पाणी खेचणाऱ्या इम्पेलरच्या रबरी पाकळ्या कडक पडल्या होत्या, दोन तर अर्ध्या तुटलेल्या. त्यांचे तुकडेही शोधून काढले. पाण्याच्या वाटेत एखादा राहिला असता तर नवा इम्पेलर बसवून काय उपयोग?

इथे बोटीची मोटर दुरुस्त करणारा कुठून मिळणार? फवारणी पंप दुरुस्त करणारा पोरगा मात्र पाहताक्षणी म्हणाला, "भाऊ, हे तं आपल्या फवाऱ्याचंच इंजिन आहे!" खरंच, दोन्ही टू-स्ट्रोक. माझ्या मोटरीला लिटरभर पेट्रोलमागे 20 मिली तेल लागतं. त्याने प्लगवरची काजळी किती मायेनं पुसली!

पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. म्हणून परतताना काठाजवळ पेट्रोलचा कॉक बंद करतो आणि कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालू ठेवतो. शेवटी ते दोनदा अडखळतं, थांबतं. मग पाण्यावर फक्त बगळ्यांचा आवाज उरतो. जाळी ओढणारे भोई तोवर निम्मं काम उरकून बसलेले असतात.