गिफ्ट म्हणजे काय गं मावशी?

गेल्या महिन्यात ताईच्या मुलीचा वाढदिवस होता. "काय गिफ्ट हवं गं?" असं मी सहज विचारलं, तर ती खो खो हसत सुटली. "मावशी, जर्मनमध्ये गिफ्ट म्हणजे विष!" ती हल्ली जर्मनच्या क्लासला जाते ना!

मी अर्धवेळ का होईना, पण शाळेत इंग्रजी शिकवते. 'गिफ्ट म्हणजे भेट' हे मुलींकडून शंभरदा घोकून घेतलेलं. जरा खट्टूच झाले, नि रात्री ओटा आवरल्यावर शब्दकोश उघडून बसले.

दोन्हीकडचा शब्द एकच निघाला. मूळ अर्थ 'देणे'. मग विष आलं कुठून? ग्रीकमध्ये 'डोसिस' म्हणजे देणं, वैद्यानं दिलेली औषधाची मात्रा. पोरांचं नाक दाबून आपण पाजतो तो डोस हाच! (त्या ग्रीक शब्दाचं आणि आपल्या 'दाना'चं मूळही एकच बरं का.) त्याच वळणावर जर्मनांनी मात्रेला 'गिफ्ट' म्हटलं, आणि विषाचं नाव उघड कशाला घ्या म्हणून तेही नुसतं 'दिलेलं' झालं. आपण नाही का रात्री सापाला 'जनावर' म्हणत? हळूहळू भेट हा अर्थ तिथे पुसला गेला, विष तेवढं उरलं.

स्वीडिश भाषेत तर गंमतच. तिथे 'गिफ्ट' म्हणजे विष आणि 'गिफ्ट' म्हणजे विवाहितसुद्धा! हे ऐकून आमच्या घरी यजमान इतके हसले, की मी मुकाट्यानं आमटीचं पातेलं पुढे सरकवलं.

पण पुढचं वाचलं आणि माझं हसू मावळलं. जुन्या इंग्रजीत हाच शब्द वधूसाठी मोजलेल्या रकमेला होता. आणि जर्मनमध्ये 'मिटगिफ्ट' म्हणजे मुलीबरोबर दिलेलं, म्हणजेच हुंडा.

माझ्या लग्नाच्या बैठकीत "आम्ही हुंडा घेत नाही" असं मोठ्या अभिमानानं सांगितलं गेलं होतं. "हौसेनं मुलीला काय गिफ्ट द्याल ते द्या." त्या हौसेची यादी मात्र तिकडूनच आली, स्कूटरच्या रंगासकट. बाबांनी पतपेढीतून काढलेलं कर्ज फिटलं, तेव्हा माझा मुलगा पहिलीत गेला होता. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. भेटवस्तूंची यादी ठेवावी, असा नियमही १९८५ मध्ये झाला. पण भेट मागून घ्यायची नसते, हे त्या बैठकीत कोण बोलणार? यजमान तेव्हा गप्प बसले होते. अजूनही या विषयावर गप्पच बसतात.

परवा ताईचा फोन आला. भाचीला एक स्थळ सांगून आलंय. "माणसं फार चांगली आहेत गं. हुंडा नको म्हणतात. फक्त काय ते गिफ्ट…"

मी विचारलं, "यादी कुणी केली, ताई?"

ती बराच वेळ काही बोलली नाही.