भोपळ्याचा वेल आणि बिनलेबलची पुडी

मावशींच्या परड्यातला भोपळा भुंगेऱ्यांनी अर्धामुर्धा खाल्ला, त्याचं त्यांना फारसं वाईट वाटलं नाही. कीडच ती, खाणारच. उरलेला वेल करपला तो औषधानं, आणि ते औषध त्यांनी स्वतः पैसे मोजून घरी आणलं होतं. हे मात्र त्या अजून विसरायला तयार नाहीत. विषय निघाला की समोरचा चहा गार होतो.

रत्नागिरी जिल्ह्यातली वाडी, घरामागे परडं, परड्यात विहीर. भात झोडून झालं की वाल-कुळीथ, चार मिरच्या, आणि माघात तांबड्या भोपळ्याची आळी. कोकणात घरोघरी असंच चालतं. त्या वर्षी बी छान रुजलं, जाडजूड पहिली दोन पानं वर आली आणि एका सकाळी त्यांची चाळण झालेली दिसली.

वेलवर्गीय भाज्यांवरचा हा तांबडा भुंगेरा. शास्त्रीय नाव ऑलॅकोफोरा फोविकॉलिस. पाठ नारिंगी-तांबडी आणि चकचकीत, पोटाखालून काळा, लांबीला पाऊण सेंटिमीटरच्या आतबाहेर. ऊन चढल्यावर हात नेला की भुर्रकन उडतो. पहाटे दव असताना मात्र पानाला मलूल चिकटून असतो. मावशींनी त्याचं खाणं उकिडवं बसून पाहिलंय. तो एकदम पान कुरतडत नाही. आधी पानावर गोल चर कोरतो, जवळजवळ पुरं वर्तुळ, आणि मग आतला भाग खायला घेतो. पानाला जखम झाली की वेल तिथे चिकट रस धाडतो. आधीच चर खोदला की त्या रसाची वाट तुटते, असा याचा उलगडा कीटकशास्त्रज्ञ करतात. नखाएवढा जीव आणि त्याची ही अक्कल! मावशींना त्याचं कौतुक वाटलं होतं, हे त्या आजही कबूल करतात.

काकडीच्या देठाकडचा कडवटपणा ज्या कुकुरबिटासिनमुळे येतो, त्याच्यापासून बहुतेक प्राणी आणि किडी तोंड फिरवतात. या भुंगेऱ्यांना मात्र तेच ओढून आणतं. भोपळा, काकडी, खरबूज, दुधी यांवर तो तुटून पडतो, कारल्याकडे मात्र क्वचितच फिरकतो. गंमत म्हणजे भोपळा मूळचा इथला नव्हेच. त्याच्या कुळातल्या लागवडीच्या सर्वांत जुन्या बिया मेक्सिकोतल्या ओआखाका राज्यात, गिला नाकित्झ गुहेत सापडल्या. त्यांचं वय सुमारे १०,००० वर्षं. भुंगेरा आपल्याकडचा, वेल परमुलखातला, आणि तरी दोघांचं असं जमलं.

खरं नुकसान जमिनीखालीही चालतं. मादी अंडी घालते ती वेलाच्या बुडाशी ओलसर मातीत, म्हणजे आपण रोज पाणी घालतो त्या आळ्यातच. त्यातून निघणाऱ्या पिवळट-पांढऱ्या अळ्या मुळं आणि बुंधा पोखरतात, जमिनीला टेकलेल्या फळातही शिरतात. वेल माना टाकतो आणि लोक म्हणतात, मर लागली. वर उडणारे भुंगेरे मारून झाले की काम संपलं असं समजणाऱ्यांचा वेल असा महिन्याभरानं जातो.

तर मावशी तालुक्याच्या गावी गेल्या. दुकानात गर्दी होती. त्यांनी कुरतडलेलं पान पिशवीतून काढून दाखवलं. दुकानदारानं पानाकडे बघितलं न बघितलं, मागच्या पोत्यातली पिवळसर भुकटी कागदात बांधून दिली. "काकू, हे धुरळा, आठवड्यात कीड साफ." किती घालायची? "अंदाजानं." बिल मागायचं त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं, गावात चहापत्तीचं तरी बिल कोण मागतं? तोवर फाल्गुनाचं ऊन तापायला लागलं होतं. वाचलेल्या वेलांना चार-सहा पानं फुटली होती. मावशींनी भुकटी जुन्या पातळाच्या फडक्यात बांधून पानांवर झटकली. दोन दिवसांत पानांच्या कडा पांढुरक्या पडल्या, मग तपकिरी, मग हातात घेतल्या की चुरा. भुंगेरे त्याच पानांवर फिरत होते.

शेतीचं शिक्षण घेणारा भाचा सुट्टीला आला, त्यानं उरलेली पुडी नाकाशी धरली आणि लगेच सांगितलं, मावशी, हे गंधक आहे. गंधक भुरी रोगावर चालतं, लाल कोळ्यांवर चालतं. भुंगेऱ्याचं त्यानं काही बिघडत नाही. आणि भोपळा-काकडीच्या कुळाला गंधक मानवत नाही, उन्हाच्या दिवसांत तर पानं हमखास भाजतात. ही काही गुपित माहिती नाही. दुकान चालवणाऱ्याला ती ठाऊक असायलाच हवी.

मावशी परत गेल्या तेव्हा त्यांना उत्तर मिळालं, "तुम्ही जास्त मारलं असेल." हे वाक्य त्यांना वेलापेक्षा जास्त लागलं, आणि त्यांचं लागणं रास्त आहे. प्रमाण सांगितलंच नाही, मग जास्त कशापेक्षा? १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि त्याखालची १९७१ ची नियमावली नेमकी यासाठी आहे. बंद पाकीट, त्यावर लेबल, आत स्थानिक भाषेतही छापलेलं माहितीपत्रक, कोणतं पीक, कोणती कीड, किती मात्रा. लेबलवर रंगीत चिन्ह: तांबडं असेल तर अतिजहाल, मग पिवळं, निळं, आणि सर्वांत सौम्य ते हिरवं. पोत्यातून काढून कागदात बांधून देणं म्हणजे ही सगळी माहिती काढून घेऊन नुसती भुकटी विकणं. त्या पुडीत गंधक होतं म्हणून पानांवर निभावलं. दुसरं काही असतं तर? मावशींनी उघड्या हातानं, तोंडाला पदरही न लावता ती धुरळली होती. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन कित्येक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो इस्पितळात पोचले. त्यानंतर तरी सुटं औषध विकताना माणसाचा हात थांबायला हवा होता.

तक्रार करावी तर हाती बिल नाही, पाकीट नाही. भाचा म्हणतो, सोडून द्या. मावशी म्हणतात, का सोडू?

जुन्या पुस्तिका चाळणाऱ्यांनीही जपावं. त्यांत या भुंगेऱ्यावर कार्बारिलची भुकटी सांगितलेली असते, आणि त्या कीटकनाशकावर केंद्र सरकारनं ऑगस्ट २०१८ मध्ये बंदी घातली. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून सुटलेला मिथिल आयसोसायनेट वायू याच कार्बारिलसाठी साठवला होता. परसातल्या वेलाचं औषध म्हणून घरोघरी पोचलेल्या भुकटीच्या मागे एवढं सगळं होतं.

मावशींनी पुन्हा बी टोकलं. या खेपेला आळ्यावर बांबूच्या काटक्या रोवून जुन्या मच्छरदाणीचा तुकडा ताणला आणि कडा मातीनं दाबल्या. पहिली दोन ते चार पानं हाच नाजूक काळ. तेवढा निभावला की वेल थोडंफार कुरतडणं सोसतो. शेजारच्या काकडीला जाळी पुरली नाही, तिथे त्या उजाडताच साबणाच्या पाण्याचा डबा घेऊन जायच्या. डबा पानाखाली धरायचा, पान हलकेच झटकायचं, मलूल भुंगेरे आत पडतात. ऊन वर आलं की हे काम जमत नाही. संध्याकाळी निंबोळी अर्क: निंबोळ्यांचा गर वाटून लिटरला ५० ग्रॅम, रात्रभर भिजत, गाळून, थोडा साबण घालून त्याच दिवशी संपवायचा. उन्हात त्यातलं ॲझाडिरॅक्टिन टिकत नाही म्हणून फवारणी संध्याकाळचीच.

राख हा मावशींचा लाडका उपाय. दवानं ओल्या पानांवर चुलीतली चाळलेली राख भुरभुरली की भुंगेरा बसत नाही, असं त्या ठासून सांगतात, आणि दुसऱ्याच श्वासात हेही सांगतात की राखेनं तो मरत नाही, शेजारच्या वहिनींच्या दुधीवर जातो. वहिनींनी त्यावरून दोन दिवस अबोला धरला होता.

पुढे वाडीतल्या एकानं अर्ध्या एकरात भोपळा लावला, तेव्हा मात्र मावशी त्याला डबा घेऊन पहाटे फिर म्हणाल्या नाहीत. एवढ्या वेलांवर हात कुठवर पुरणार? त्यांनीच त्याला शिफारशीतलं औषध आणायला सांगितलं, लेबलवर भोपळ्याचं नाव बघून, आणि फवारणी दिवस मावळताना. भोपळ्याची फुलं पहाटे उमलतात आणि सकाळ सरता सरता मिटतात; त्या वेळेत मधमाशी आली नाही तर फळ धरत नाही. सकाळी फवारणारा माणूस भुंगेऱ्याबरोबर आपलं फळही घालवतो.

हंगाम संपल्यावर त्या वेल उपटून जाळतात, आळी खणून माती उलटीपालटी करतात आणि कोंबड्या सोडतात. अळ्या-कोष वर आले की कोंबड्या वेचतात. यंदा वेल मांडवाखाली पोचलेत. नर फुलं यायला लागली आहेत, बुडाशी इवलं फळ घेऊन येणारी मादी फुलं दिसली की जाळी काढायची आहे. औषधाचं दुकान जवळपास तेच एक, त्यामुळे बी अजून तिथूनच येतं. फक्त आता मावशी बिल हातात पडेपर्यंत गल्ल्यासमोरून हलत नाहीत, मागे कितीही रांग असो.